बू सुकेसींचे ठोकळे

सुम्बिंग डोंगराच्या उतारावर तंबाखू कापणीला आली, की आमच्या गावाला दुसरं काही सुचत नाही. रस्त्याच्या कडेला, अंगणात, कौलांवर, जिथे म्हणून ऊन पडेल तिथे चिरलेल्या पानांच्या तट्ट्या पसरलेल्या असतात, आणि वारासुद्धा त्या वासाने जड होऊन चालतो. बाया उजाडताच शेतावर निघतात आणि जाताजाता पोरं बालवाडीच्या फाटकाशी सोडतात. तीस वर्षं त्या फाटकाशी बू सुकेसी, म्हणजे सुकेसीबाई, उभ्या असायच्या. पोराचं नाक पुसायचं, डबा हातात घ्यायचा, आईला म्हणायचं, “जा तू, तुझं पान सुकतंय,” आणि मग पोर आपलं. गावातल्या पस्तिशीच्या आतल्या प्रत्येकाने पेन्सिल धरली ती पहिल्यांदा बू सुकेसींच्या हातात हात देऊन. हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. त्या रस्त्याने चालल्या की माणसं तट्ट्या बाजूला सरकवून वाट द्यायची, तेवढ्यात त्यांना कळायचं.

अशा बाईला एका कोवळ्या मुलीचा हेवा वाटावा, ही गोष्ट त्या स्वतःशीदेखील कबूल करायला तयार नव्हत्या.

सुरुवात झाली ती एका नकारापासून. तालुक्याहून चिठ्ठी आली होती: बालवाडीत आता सगळ्या मुलांना एका रांगेत बसवून शिकवायचं नाही, हाताने करून शिकायचे कोपरे मांडायचे. ते कसे मांडायचे हे शिकायला शाळेतल्या एका बाईंनी पाच दिवस शहरात जायचं. मुख्याध्यापिका बू हार्ताती यांनी मधल्या सुट्टीत, उकडलेल्या कसाव्यावर खोबरं पेरता पेरता विचारलं, “सुकेसी, तू जातेस का?”

“छे हो, मी कसली जाते आता,” बू सुकेसी म्हणाल्या. “पाठवा कुणातरी तरुण मुलीला.”

आता आमच्या गावात पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणत नाही. चहा विचारला तर नको म्हणायचं, दुसऱ्यांदा विचारला तर आत्ताच झाला म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा कप पुढे आला की संकोचाने हात पुढे करायचा. बू सुकेसींचा नकार हा तसला पहिला नकार होता. मनातल्या मनात त्यांनी तपकिरी बाटिकचा झंपर कपाटातून काढून इस्त्रीलासुद्धा टाकला होता. पण दुसरं विचारणं आलंच नाही. बू हार्ताती वळल्या आणि खिडकीशी बसलेल्या लारासला म्हणाल्या, “मग लारास, तू जा.”

“मी नको, बू,” लारास म्हणाली.

“जा गं.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“जा म्हणते ना मी!”

“बरं, बू.”

तीन वेळा. लारासला तीन वेळा विचारलं, आणि तेही बू सुकेसींच्या देखत. लारास म्हणजे पाच वर्षांची असताना त्यांचाच हात धरून रडणारी पोर. आता सव्वीस वर्षांची, दोन वर्षांपूर्वी नोकरीला लागलेली, मोठ्याने हसणारी. त्या दिवशी बू सुकेसींना कसावा गोड लागला नाही. बू हार्तातींनी मुद्दाम केलं की तंबाखूच्या घाईत त्यांच्या लक्षात राहिलं नाही, हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही, आणि विचारणार तरी कसं?

लारास परतली ती जाड वही घेऊन आणि डोळ्यांत वेगळीच चमक घेऊन. आठवडाभरात बाक वर्गाबाहेर गेले, मागच्या पडवीत एकावर एक रचले गेले, आणि हॉलमध्ये तीन कोपरे उभे राहिले. एक भातुकलीचा, तो बू हार्तातींनी घेतला. एक मातीपाण्याचा, तो लारासचा. तिसरा ठोकळ्यांचा, तो बू सुकेसींच्या वाट्याला आला.

प्रत्येक कोपऱ्यापाशी एक फळी होती आणि फळीवर दहा खिळे. बावीस मुलांना एकेक पुठ्ठ्याची चकती दिलेली; कुणाची गोगलगाय, कुणाची मिरची, कुणाचं मांजर. दिवसाचे पहिले तास बाई सांगतील तिथे जायचं, पण शेवटचा तास मोकळा. ज्याला जिथे खेळायचं त्याने तिथल्या खिळ्यावर आपली चकती अडकवायची. खिळे भरले की दुसरीकडे बघायचं.

बू हार्तातींनी दोघींना सांगून ठेवलं, “महिनाअखेरीला तालुक्याच्या बाई बघायला येणार आहेत. ज्या कोपऱ्यात मुलं रमत नाहीत तो बंद करायला लावतात म्हणे. मग तिथल्या बाईने दुसरीच्या हाताखाली काम करायचं.”

दुसरीच्या हाताखाली. बू सुकेसींनी मान डोलावली आणि घरी जाऊन त्या दोन वेळा पाणी प्यायल्या. हाताखाली म्हणजे लारासच्या हाताखाली, हे सांगायला का ज्योतिषी लागतो?

लारास दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडे आली होती. हातात एक घडी केलेला कागद. “बू, ठोकळ्यांची मापं आहेत यात. तुम्हाला लागली तर…”

“ठेव तुझ्याजवळ,” बू सुकेसी हसून म्हणाल्या. “ठोकळा तो काय, लाकडाचा तुकडा. माझं सासर सुताराचं आहे, बाळ.”

“हो बू, तेही खरंच,” असं म्हणून लारासने कागद मागे घेतला. दुसऱ्यांदा पुढे केला नाही. थोरल्या माणसाला दोनदा शिकवायला जाणं हे तिच्या आईने तिला शिकवलं नव्हतं.

सासर सुताराचं होतं हे खरं. थोरले दीर कांग सारोनो यांच्या अंगणात बू सुकेसी जाऊन बसल्या. सेंगोनच्या ताज्या फळ्या तिथे होत्या. आतून अजून ओल्या, पण रंगाने कशा सायीसारख्या. बू सुकेसींनी आपला हात फळीवर ताणला. एक वीत म्हणजे ठोकळा, दोन विती म्हणजे मोठा ठोकळा, अर्धी वीत म्हणजे छोटा. “इथे खूण करा, कांग. आता इथे.” पहिली वीत सकाळच्या उन्हात ताठ ताणलेली होती. पन्नासावी वीत दमलेली होती. शंभराव्या वितीला तर बोटांना मुंग्या आल्या होत्या. अर्ध्या विती तर सगळ्या डोळ्यांच्या अंदाजाने.

कांग सारोनोंनी एकदा करवत थांबवून विचारलं होतं, “या मापाने? नक्की?”

“नक्की.”

“हं. तू म्हणतेस तर.”

ठोकळे आले तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. बू हार्ताती म्हणाल्या, “वा, किती गुळगुळीत!” खाऊ शिजवणारी यू दारमी म्हणाली, “लोण्याचे वाटतात हो, बू.” पोरांच्या आया फाटकातून डोकावून म्हणाल्या, “छान, छान.” आणि लारास म्हणाली, “लाकडाचा वास सुरेख आहे, बू.” बू सुकेसींनी ते सगळं कौतुक जपून आत ठेवलं.

पहिल्या दिवशी दहाच्या दहा खिळे भरले. दुसऱ्या दिवशी सात. आठव्या दिवशी दोन.

मनोरा चार ठोकळ्यांवर गेला की कलायचा. पूल मांडला की एक पाय उंच, एक पाय बुटका. पोरं पुन्हा मांडायची, पुन्हा पडायचं, आणि मग ती मान वर करून हॉलच्या पलीकडे बघायची. तिकडे लारासच्या कोपऱ्यात वाळूची पेटी होती, पाण्याची दोन टोपं होती, बांबूच्या नळ्यांतून पाणी वरून खाली पळत होतं, हळद आणि कोळसा खलून पोरांचे हात कोपरापर्यंत पिवळेकाळे झाले होते. घंटा वाजून तिचा आवाज विरायच्या आत लारासचे दहा खिळे भरायचे. उरलेले दहा भातुकलीत. आणि बू सुकेसींकडे दोन चकत्या, बहुतेक वेळा त्याच, ज्यांना पळायला उशीर व्हायचा त्यांच्या.

बू सुकेसी खिळे मोजायच्या. नको नको म्हणत मोजायच्या. जेवताना मोजायच्या. नमाजाला हात पोटावर बांधून उभ्या राहिल्या तरी डोळ्यांपुढे फळी यायची आणि फळीवर लारासची दहा पोरं लटकलेली असायची. त्यांना खात्री वाटू लागली, की ही मुलगी पोरांना फितवते. पाणी काय, कुठलंही पोर पाण्याकडे जाणारच! त्यात शिकवणं ते कसलं?

एके दुपारी त्या बू हार्तातींना म्हणाल्या, “मला आपली काळजी वाटते, बू. दहा पोरं एका वेळी पाण्यात. फरशी ओली होते. कुणी घसरलं तर? आठ पुरेत.”

बू हार्तातींनी दोन खिळे काढायला सांगितले. लारासने स्वतः पक्कड आणून काढले. त्या दिवसापासून बू सुकेसींकडे चार चकत्या येऊ लागल्या. त्यातली दोन पोरं ओठ काढून बसायची आणि सारखी पाण्याकडे बघायची. अशी मुलं मिळवून आपण काय मिळवलं, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही. दोनाचे चार झाले, एवढंच मोजलं.

पण खरा काटा रुतला तो दुसऱ्याच एका गोष्टीने. एकदा त्या ठोकळे लावत होत्या आणि पलीकडे बू हार्ताती लारासवर कडाडत होत्या. “वाळू दारापर्यंत आणलीस! झाडू काय मी मारू? आणि ते टोप खिडकीखाली कशाला, बुद्धी कुठे गहाण टाकलीस?” यू दारमी मागून म्हणाली, “हिच्या सासूला आत्तापासून कळवून ठेवा हो, सून चिखल करते म्हणून!” लारास खळखळून हसली, टोप सरकवलं, म्हणाली, “सासू मिळू तर दे आधी!” तिघी हसल्या. मग त्याच बू हार्ताती इकडे आल्या, आवाज खाली आणून म्हणाल्या, “छान चाललंय ना, सुकेसी? छान.” आणि गेल्या.

बू सुकेसींनी हातातला ठोकळा खाली ठेवला. तिला रागावतात. तिची थट्टा करतात. आणि मला नुसतं छान. त्यांना त्या क्षणी लारासच्या पाण्याचा नाही, वाळूचा नाही, त्या रागावण्याचा हेवा वाटला. असा हेवा वाटू शकतो हेच त्यांना माहीत नव्हतं.

पाहुण्या यायला नऊ दिवस उरले होते. त्या दिवशी गेंधिस नावाची पाच वर्षांची मुलगी, चकतीवर मिरची असलेली, पाण्याकडे जागा न मिळाल्याने ठोकळ्यांकडे आली. ती रडली नाही. गुपचूप बसली आणि घर बांधू लागली. बू सुकेसी दुसऱ्या पोराकडे बघत होत्या. वळून पाहिलं तर गेंधिसचं घर कमरेएवढं उंच झालेलं, आणि पडत नव्हतं. त्या खाली बसल्या. जिथे जिथे ठोकळा बुटका होता तिथे तिथे गेंधिसने केळीच्या पानाची घडी सारली होती. खाऊच्या भाताची पानं तिने खिशात भरून आणली होती.

“हे गं काय, बाळ?”

गेंधिस खाली बघू लागली.

“सांग की. मी रागावणार नाही.”

“आई म्हणाली…”

“काय म्हणाली आई?”

“बू सुकेसींच्या ठोकळ्यांना काही बोलायचं नाही. त्यांना वाईट वाटेल. म्हणून मी नुसतं पान लावते.”

बू सुकेसींनी एक ठोकळा उचलला, मग दोन छोटे. दोन छोटे शेजारी ठेवले आणि त्यांच्यावर तो ठोकळा. एका बाजूला बोटभर जागा उरली. दुसरी जोडी घेतली. ती ठोकळ्याच्या बाहेर आली. तिसरा ठोकळा सुकून मधोमध वाकला होता. हे त्यांना आधी दिसलं नव्हतं असं नाही. पडलेला मनोरा रोज दिसत होता. पण सगळं गाव छान म्हणत होतं, आणि त्या छानवर त्यांनी इतके दिवस काढले होते.

शाळा सुटताच त्या तडक कांग सारोनोंच्या अंगणात गेल्या. “कांग, ठोकळे चुकलेत हे तुम्हाला माहीत होतं?”

कांग सारोनोंनी कानामागची पेन्सिल काढून पाहिली, जणू तिच्यावर उत्तर लिहिलं होतं. “लाकूड ओलं होतं. आणि माप… हाताचं माप पुढेमागे होणारच.”

“मग बोलला का नाहीत?”

“विचारलं होतं मी, नक्की का म्हणून.”

“एकदाच विचारलंत!”

“तू बाईमाणूस, वर शाळेतली. दोनदा कसं विचारायचं?”

त्यावर बू सुकेसींना रडू आलं की हसू, ते त्यांचं त्यांना कळलं नाही. त्या परत शाळेत आल्या. हॉल रिकामा होता. लारास पडवीच्या नळाखाली नळ्या धूत बसली होती, सारोंग गुडघ्यापर्यंत खोचलेला.

“लारास, माझे ठोकळे कसे आहेत?”

“चांगले आहेत की, बू. गुळगुळीत…”

“पुन्हा विचारते. कसे आहेत?”

“लाकडाचा रंग…”

“लारास.” बू सुकेसींनी तिच्या हातातली नळी काढून घेतली. “मी तिसऱ्यांदा विचारतेय. आता तरी खरं बोल.”

लारास हात पुसत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, मग ती गेली. “वाईट आहेत, बू. दोन अर्ध्यांचा एक होत नाही. ठोकळ्यातली सगळी गंमत तिथेच आहे. लांबीच्या निम्मी रुंदी, रुंदीच्या निम्मी जाडी, म्हणजे पोराने कसाही फिरवला तरी बसतो. तुमचा कसाही फिरवला तरी पडतो.”

“हं.”

“आणि मनोरा पडला की पोराच्या आधी तुम्ही ‘पडला!’ म्हणता. त्यांना स्वतःला बघू देत नाही. तुमच्या त्या एका ओरडण्याने निम्मी पोरं पळतात.”

“एवढं विचारलं नव्हतं मी.”

“आणि माझे दोन खिळे तुम्ही काढायला लावलेत, तेही मला माहीत आहे. फरशी काही ओली नव्हती.”

बू सुकेसींना वाटलं, ही नळी हिच्याच पाठीत घालावी. पेन्सिल धरायला मी शिकवलं हिला! पण त्याच वेळी, खोल कुठेतरी, त्यांना असंही वाटलं की कुणीतरी आपल्याशी पहिल्यांदाच माणसासारखं बोललं. दोन्ही एकदम वाटलं, आणि दोन्हींतलं एकही कमी झालं नाही.

“कागद दे,” त्या म्हणाल्या.

लारास आत जाऊन कागद घेऊन आली. “बू, सेंगोन नको. सुकायला महिने लागतील. मुरलेलं लाकूड हवं.”

मुरलेलं लाकूड गावात कुणाकडे असेल? कांग सारोनोंकडे दाराच्या चौकटी होत्या, पण त्या दुसऱ्यांच्या. दोघींची नजर एकाच वेळी पडवीच्या टोकाला गेली, जिथे वर्गातून काढलेले महोगनीचे बाक रचलेले होते. लारास लगेच म्हणाली, “नको, बू. ते नको.”

“का नको? आता त्यांच्यावर कोण बसणार आहे?”

बू हार्तातींना विचारलं तर त्या म्हणाल्या, “सुकेसी, तुझे बाक ते. तीस वर्षं त्यांच्यावर पोरं बसवलीस.” माझे म्हणूनच, असं सांगून बू सुकेसी उठल्या. पाच बाक कांग सारोनोंच्या अंगणात गेले. या वेळी वीत नव्हती. लोखंडी पट्टी होती, आणि बू सुकेसी प्रत्येक खुणेला चष्मा पुसून पाहायच्या. कुठे एखाद्या फळीवर पोरांनी नखाने कोरलेलं काहीबाही निघायचं, रंधा फिरला की जायचं. त्या बघत उभ्या राहायच्या. घासायला लारास रोज दुपारी यायची. बोलणं बेताचंच व्हायचं. “हा कोपरा टोचेल, बू.” “दिसतंय मला.” “मग घासा की.” असं.

सगळे धरून चौसष्ट ठोकळे झाले. वहीप्रमाणे दीडशे हवे होते.

तालुक्याच्या बाई आल्या त्या दिवशी बू सुकेसींनी ओठ दातांत धरून ठेवले होते, मनोरा पडला तरी बोलायचं नाही म्हणून. बाईंनी चपला काढल्या, ठोकळ्यांच्या चटईवर मांडी घातली, दोन छोटे जोडून त्यांच्यावर एक ठेवला आणि कडेवरून बोट फिरवलं. बोट कुठे अडलं नाही. पलीकडे तिघं पोरं तंबाखूची वखार बांधत होती, भिंत कोसळली. बू सुकेसी गप्प. पोरं दोन क्षण ढिगाकडे बघत बसली. मग त्यातला एक म्हणाला, “खाली मोठे पाहिजेत रे,” आणि पुन्हा मांडायला लागली.

“कोपरा चालू राहू दे,” बाई उठताना म्हणाल्या. “ठोकळे मात्र कमी आहेत, वाढवा. मापं कुणी आणली?”

“आमच्या लारासने,” बू हार्ताती अभिमानाने म्हणाल्या. “शहरात शिकून आली ना ती.”

बाई लारासकडे वळल्या. तिचा मातीपाण्याचा कोपरा पाहिला, पुन्हा पाहिला, तिच्या वहीची पानं उलटली आणि म्हणाल्या, की पुढच्या महिन्यात आसपासच्या बालवाड्यांतल्या बाईंना हे सगळं लारासनेच शिकवावं. बू हार्तातींनी टाळ्या वाजवल्या. यू दारमीने वाजवल्या. बू सुकेसींनीही वाजवल्या, आणि त्यांच्या तळव्यांची आग झाली. ते बाक कुणाचे होते हे कुणी विचारलं नाही.

पाहुण्या गेल्या, पोरं गेली. लारास फरशी पुसत होती. बू सुकेसी तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“अभिनंदन. आणि ऐक, खरं सांगते. मघाशी तुझं ते टोप लाथेने उलथावं असं वाटत होतं मला.”

लारास दचकली नाही. “दिसत होतं, बू. म्हणून तर मी टोपापुढे उभी राहिले.”

“उद्याही वाटेल कदाचित.”

“वाटू दे. पण तुमचं शेल्फ दाराच्या वाटेत आहे, आधी ते हलवा. पोरं येताजाता ठोकळे पाडतात.”

“महिनाभर दिसत होतं आणि आज सांगतेस?”

“आता तुम्ही तीनदा विचारायची वाट कशाला बघू?” लारास म्हणाली आणि शेल्फाची एक बाजू धरून वाकली. “उचला तुमची बाजू. जड आहे हे.”

बू सुकेसींनी दुसरी बाजू धरली. शेल्फ खरंच जड होतं. दोघी थांबत थांबत, एकमेकींना डावीकडे-उजवीकडे ओरडत, ते खिडकीपाशी घेऊन गेल्या.